चकाकत्या रंगाखाली सडलेला पत्रा

वाचकाचं पत्र

माझ्या वडिलांची १९७५ची प्रीमियर पद्मिनी चिपळूणच्या आमच्या जुन्या घरी असायची. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीला पूर आला तेव्हा ती पाण्यात बुडाली. नंतर वर्षभरात बाबा गेले. गाडी भंगारात द्यायला मन होईना, म्हणून बाबांच्या जुन्या ओळखीतल्या एका गॅरेजवाल्यांकडे दिली. आम्ही लहानपणापासून त्यांना काका म्हणतो. इंजिनाचं काम त्यांनी स्वतः केलं आणि ते उत्तम झालं आहे. पत्र्याचं आणि रंगाचं काम त्यांच्याच गॅरेजात एका डेंटरने केलं. सगळे मिळून साडेचार लाख रुपये दिले. गाडी दारात आली त्या दिवशी आईच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती नव्यासारखी दिसत होती.

एकच पावसाळा गेला. आता मागच्या चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेत. एका मडगार्डावर लांब भेग पडली आहे. पुढची दोन्ही दारं जरा उचलून लावावी लागतात. मॅटखाली पाणी साचतं. ह्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं तर सगळीकडे काळं डांबर फासलेलं, आणि दाराखाली एका ठिकाणी बोट दाबलं तर ते सरळ आत गेलं. काका म्हणतात, "जुन्या गाडीला एवढं चालायचंच. फोड आलेत तिथे टचअप करून देतो." भाऊ म्हणतो, चमकतेय तोवर विकून टाक. जानेवारीत मुलीचं लग्न आहे आणि तिला आजोबांच्या गाडीतून कार्यालयात जायचंय. काकांशी हे बोलायचं कसं? आणि गाडीचं करायचं काय?

– एक वाचक, चिपळूण

उत्तर

ताई,

फोड, भेग, मॅटखालचं पाणी या सगळ्याचा विचार नंतर करू. तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट एकच आहे: दाराखाली बोट आत गेलं. त्यामुळे पहिली विनंती अशी की, ही गाडी आजपासून रस्त्यावर काढू नका. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नको. लग्नातल्या वापराबद्दल पुढे लिहितो, पण त्याचं उत्तरही या बोटावरच ठरणार आहे.

कारण सांगतो. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चॅसी असते. वरची बॉडी सडली तरी गाडीचा भार ती चॅसी पेलते. पद्मिनीला अशी चॅसीच नाही. फियाटने १९५३ साली ११०० मालिकेची जी नवी रचना आणली तिच्यात बॉडी हाच सांगाडा होता, आणि त्याच घराण्यातली गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून बनवली. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. या गाडीत इंजिन, माणसं आणि मागच्या पाटा स्प्रिंगा यांचा सगळा भार पातळ पत्र्याच्या घड्या घालून केलेल्या पोकळ पेट्यांवर येतो. त्यातली सगळ्यात मोठी आणि महत्त्वाची पेटी दाराखालून जाते. पुढच्या चाकामागून निघून मागच्या चाकापर्यंत पोचणारी ही पोकळ पट्टी म्हणजे सिल. तुमच्या घरच्यांचं बोट बहुधा तिच्यातच गेलं. दारं उचलून लावावी लागतात, त्याचाही संबंध तिच्याशी असण्याची दाट शक्यता आहे. सिल खचली की गाडी मधोमध किंचित बसते, दाराच्या वरची फट आवळते, कुलूप जुळत नाही.

पुराचा विचारही इथेच करायला हवा. पुराचं पाणी ओसरतं, पण त्यातला गाळ ओसरत नाही. सिलच्या तळाला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. वाशिष्ठीचा मऊ गाळ त्या भोकांत बसला की आतली पेटी ओलीच राहते. वर कोकणची दमट हवा. पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेर रंगावर फोड दिसतो तेव्हा आतलं काम उरकत आलेलं असतं. पूर पाहिलेल्या गाडीचं काम हाती घेणाऱ्याने सगळ्यात आधी या पेट्या उघडून धुवायला हव्या होत्या. तुमच्या वर्णनावरून तसं झालेलं दिसत नाही. गाळ आत, त्यावर गंज, त्यावर थिगळ, त्यावर पुट्टी, त्यावर रंग आणि खालून डांबर असा प्रकार दिसतो आहे. ओल धरलेल्या भिंतीवर चुना मारावा तसं हे काम आहे.

माझ्या या अंदाजावर विसंबून मात्र काकांकडे जाऊ नका. आधी स्वतः तपासा. त्यासाठी फार खर्च नाही, एक रविवार पुरेल.

एक साधं लोहचुंबक घ्या, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून पातळ कापडात गुंडाळा आणि गाडीभर फिरवा. छताच्या मध्यावर ते कसं धरतं ते आधी पाहा. तिथे सहसा पुट्टी नसते, म्हणून तो तुमचा नमुना. मग दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, हेडलाइटच्या भोवती, पुढच्या काचेच्या रबराखालचे कोपरे असं करत या. चुंबक जिथे सैल पडेल किंवा गळून पडेल तिथे खडूने खूण करा. पोरांनाही हाताशी घ्या, त्यांना हे काम आवडतं. खुणा झाल्या की लांबून सगळ्या बाजूंचे फोटो काढा. मग बोटाच्या पेराने टकटक करत जा. मोकळा पत्रा वाजतो, पुट्टीचा थर बद्द आवाज देतो.

पुट्टी म्हणजे पाप नव्हे, हेही सांगतो. उत्तम कारागीरसुद्धा पुट्टी वापरतो. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचे बारीक खड्डे भरायला ती असतेच. फक्त तिचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जायला नको आणि तिच्या खाली शाबूत, स्वच्छ पत्रा हवा. भोकावर, गंजावर किंवा फायबरच्या कापडावर चढवलेली पुट्टी टिकत नाही. तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. आपल्याकडे पुट्टी पाणी मारून पॉलिश पेपरने घासायची सवय आहे. ती ओल पुरती सुकायच्या आत वर प्रायमर आणि रंग बसला, तर ती आतच अडकते आणि पहिल्या कडक उन्हात फोड बनून वर येते. मडगार्डावरची लांब भेग तर बहुतेक जाड पुट्टीचीच आहे. पत्रा हादरतो, तापतो, निवतो. जाड पुट्टी त्याच्याबरोबर वाकत नाही, तडकते.

आता एक फोड सुईने फोडून पाहा. रंग तसाही बदलावा लागणार आहे, तेव्हा जीव कासावीस करू नका. आतून तांबूस पाणी किंवा गंजाची भुकटी आली, तर पत्रा पाठीमागून सडतो आहे. पांढुरकी, ओलसर पुट्टी दिसली आणि तिच्याखाली पत्रा ठणठणीत निघाला, तर दोष रंगकामाचा. दुसरा दोष स्वस्तात सुटतो. पहिल्यासाठी कापाकापीच करावी लागते. तुमच्या गाडीत दोन्ही सापडतील असं मला वाटतं. चाकांच्या कमानींवर पहिला आणि मडगार्डावर दुसरा.

गाडीत मॅट आणि त्याखालचं पॅडिंग पूर्ण उचला. पायाखालचा पत्रा उघडा दिसला पाहिजे. नवा पत्रा जुन्यावर नुसता टेकवून चारी बाजूंनी टाके मारले आहेत का, ते पाहा. दोन पत्र्यांच्या मध्ये राहिलेल्या सापटीत पाणी जातं आणि पत्रा मूळच्यापेक्षाही वेगाने सडतो, कारण तिथे आता सुकायला वाटच नाही. मोबाइलला जोडायचा वायरीचा छोटा कॅमेरा बाजारात स्वस्तात मिळतो. सिलच्या भोकातून तो आत घाला. भोकं सापडलीच नाहीत, तर डांबराने किंवा पुट्टीने ती बुजवली आहेत. त्याचाही फोटो काढा.

दारांची तपासणी वेगळी आहे. दार अर्धं उघडा, टोकाला धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या कोणाला बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीतच खेळ असेल तर पिन झिजल्या आहेत, ते किरकोळ काम आहे. बिजागरीसकट खांब हलत असेल तर पत्रा गेलेला आहे. शिवाय पुढचं एक चाक सस्पेन्शनखाली जॅक लावून चार बोटं उचला आणि दार लावून पाहा. जमिनीवर लागत होतं तसंच लागायला हवं. अडकायला लागलं किंवा फट बदलली, तर सांगाडा पिळला जातो आहे. जॅक सिलखाली लावू नका, पत्रा मोडून आत जाईल. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही डोकं घालायचं नाही.

शेवटी मागच्या पाटा स्प्रिंगा बॉडीला जिथे अडकवल्या आहेत त्या जागा. जुन्या स्क्रूड्रायव्हरने डांबर खरवडा आणि टोक दाबून पाहा. इथला पत्रा गेला असेल, तर चालत्या गाडीत मागचा एक्सल एका बाजूला सरकू शकतो. माणसं या जागा बघत नाहीत, कारण त्या दिसत नाहीत. मला तुमच्या गाडीबद्दल सिलच्या खालोखाल भीती याच जागांची वाटते.

ही माहिती हातात आली की वेल्डिंगचं बोलता येईल. मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडेल, म्हणून ते थोडं विस्ताराने लिहितो.

गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतो, सिलसारख्या भार घेणाऱ्या जागी थोडा जाड. ग्रील, गेट, शेड बनवायच्या आर्क वेल्डिंगने हा पत्रा जोडायला गेलं की एक तर भोक पडतं, नाहीतर भोक पडू नये म्हणून मिस्त्री हात आखडता घेतो. मग वितळलेला धातू पत्र्याच्या अंगात न शिरता वर गोळे होऊन बसतो. ग्राइंडर मारला की तेही सपाट होतं आणि बघणाऱ्याला सांधा सुबक वाटतो. त्यात जोर नसतो. जुन्या मंडळींचं गॅस वेल्डिंग वेगळं. मुरलेल्या हातात ते फार सुंदर होतं, सांधा मऊ राहतो, ठोकून सरळ करता येतो. पण त्याची उष्णता दूरवर पसरते आणि घाई केली की दाराचा मोठा सपाट पत्रा पोट काढतो. मग ते पोट लपवायला पुन्हा पुट्टी. आज या कामाला बहुतेक चांगली गॅरेजं मिग वापरतात, ज्याला आपल्याकडे सरसकट सीओटू वेल्डिंग म्हणतात. पातळ पत्र्याला ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार, आर्गॉन मिसळलेला गॅस, आणि सलग रेघ न ओढता लांब लांब अंतरावर एकेक ठिपका देत, मध्ये निवू देत, हळूहळू सांधा भरत आणायचा. कंटाळवाणं काम आहे. पैसे या कंटाळ्याचे द्यायचे असतात.

कारखान्यात सिलचे पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले होते. दुरुस्तीत त्याची जागा प्लग वेल्ड घेतो. वरच्या पत्र्याला सहा-सात मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यातून खालचा पत्रा वितळवून भोक भरायचं. तो खरा बसला आहे की नाही, हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. मिस्त्रीला तुमच्यासमोर त्याच जाडीच्या दोन भंगार तुकड्यांवर असे दोन-तीन वेल्ड मारायला सांगा. मग तुकडे वाइसमध्ये धरून हातोडी-छिन्नीने एकमेकांपासून सोलून काढा. वेल्ड पक्का असेल तर तो सुटणार नाही. त्याच्याभोवतीचा पत्रा फाटेल आणि एका तुकड्यात भोक राहील. पत्रा न फाटता वेल्डच बटणासारखा स्वच्छ निसटून आला, तर तो माणूस तुमच्या सिलला हात लावायच्या लायकीचा अजून झालेला नाही. चांगला कारागीर या मागणीने चिडत नाही, उलट खूष होतो. चिडणाऱ्याकडून नम्रपणे गाडी परत आणा.

तुमच्या गाडीचं बरोबर काम कसं होईल, तेही लिहितो. गाडी सपाट जागी नीट टेकवून उभी करायची. कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आतून चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार तात्पुरते जोडायचे, म्हणजे सिल कापल्यावर सांगाडा बसणार नाही. पेट्रोलची टाकी उतरवायची, बॅटरी काढायची, वायरिंग बाजूला घ्यायचं. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि मधेमधे दार लावून फटी तपासत राहायचं. दोन्ही बाजू एकदम उघडणारा माणूस गाडी वाकडी करून देतो आणि ते वाकडेपण नंतर कोणत्याही पुट्टीने जात नाही. बाहेरची पट्टी काढली की आतला गाळ पाण्याच्या जोराने धुऊन पूर्ण सुकवायचा. मग पत्रा चकचकीत, जाड आणि निरोगी लागेल तिथपर्यंत मागे कापत जायचं. इथे मोह होतो. दोन इंच कमी कापलं की काम लवकर उरकतं, आणि त्या दोन इंचांतूनच तीन वर्षांनी गंज पुन्हा येतो.

नवा भाग सीआर पत्र्याचा, म्हणजे जस्ताचा थर नसलेल्या साध्या पोलादी पत्र्याचा करून घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तो सुचवतात, पण त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेत जळतं, सांध्यात बुडबुडे राहतात आणि त्या धुराने मिस्त्रीला ताप भरतो. सिलची सरळ घडी पत्रा वाकवणाऱ्या यंत्रावर कोणीही करून देईल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही एमआयडीसीत हे काम होतं. चाकाच्या कमानी मात्र हाताने ठोकून घडवाव्या लागतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. त्यांचे जुने सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारबाजारात शोधावे लागतात. टॅक्सीचं दार किंवा मडगार्ड घेणार असाल तर चुंबक बरोबर न्या, कारण त्या गाड्यांनीही पुष्कळ पुट्टी खाल्लेली असते.

वेल्डिंग झाल्यावर उघडा पत्रा कोकणच्या हवेत रात्रभरसुद्धा सोडू नये. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही. सांध्यांना सीलर, पोकळ पेट्यांच्या आत फवारायचं मेण, तळाची भोकं मोकळी. मग लागलीच तर पातळ पुट्टी, मग रंग. खालून काही लावायचंच असेल तर ते स्वच्छ, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर. सडक्या पत्र्यावरचं डांबर पाणी बाहेर ठेवत नाही, आत कोंडतं.

आता काकांचं. हा भाग तुम्हाला वेल्डिंगपेक्षा अवघड वाटत असणार, आणि त्यात तुमचा चांगुलपणाच दिसतो.

मला असं वाटतं की काकांनी तुम्हाला जाणूनबुजून फसवलं नसावं. ते इंजिनाचे माणूस आहेत आणि ते काम त्यांनी मनापासून केलं. डेंटरला अशा गॅरेजात सहसा ठरावीक रक्कम उक्ती दिली जाते. उक्तं काम करणाऱ्याला गाळ धुवायचे पैसे कोणी देत नाही. गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही बोनेटवर हात फिरवतं, खाली वाकत नाही. यामुळे चूक लहान होत नाही. देखरेख काकांची होती, पैसे त्यांनी घेतले, जबाबदारी त्यांचीच आहे. पण हे लक्षात ठेवून गेलात तर बोलण्याचा सूर आपोआप बरोबर लागेल.

फोनवर बोलू नका. त्यांना घरी बोलवा. गाडीजवळ उभं राहून खडूच्या खुणा दाखवा, चुंबक त्यांच्याच हातात द्या. आरोप करायची गरज पडणार नाही. म्हणा, "काका, बाबांची गाडी आहे. माझी मुलगी यात बसणार आहे. तुम्ही तिला या गाडीत बसवून मुंबई-गोवा हायवेवर सोडाल का, एवढंच मला सांगा." आयुष्यभर गाड्यांमध्ये घालवलेला माणूस बोट आत गेलेली जागा पाहून या प्रश्नाला खोटं उत्तर देणार नाही, असा मला भरवसा आहे. त्यानंतर मागणी स्पष्ट ठेवा: टचअप नको, आणि पत्र्याच्या व रंगाच्या कामाची रक्कम परत हवी. इंजिनाचे पैसे त्यांच्याकडेच राहू द्या, ते त्यांनी कमावले आहेत. रक्कम एकदम जमत नसेल तर हप्ते मान्य करा, पण चार ओळी कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. तारखा आणि आकडे कागदावर असले की नातंही टिकायला मदत होते.

सांगाड्याचं काम मात्र त्याच डेंटरकडे पुन्हा देऊ नका. काका कितीही म्हणाले, "मी स्वतः उभा राहून करून घेतो," तरी नाही. ज्याने बंद पेटीत गाळ ठेवून वरून रंग मारला, त्याला ती पेटी कशासाठी आहे हेच माहीत नाही, किंवा माहीत असून त्याने ती झाकली. दोन्ही कारणं सारखीच वाईट. काकांना जोडून ठेवायचं असेल तर नव्या मिस्त्रीकडे कापायच्या आधी इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवायला आणि शेवटी परत बसवायला त्यांना बोलवा. ते त्यांना येतं.

बोलणं फिसकटलं तर ग्राहक संरक्षण कायदा आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पैसे दिल्याचा पुरावा, बिलं आणि फोटो लागतील. परवानाधारक वाहन सर्वेक्षकाचा लेखी अहवालही घ्या, आणि तो हातात येईपर्यंत गाडीला कोणालाही ग्राइंडर लावू देऊ नका. कापल्यावर पुरावा संपतो. ही वाट शेवटची, पण दोन वर्षांची मुदत डोक्यात असू द्या. गोड बोलण्यात ती निघून जाते.

भावाच्या सूचनेबद्दल मला स्पष्ट लिहायलाच हवं. चमकतेय तोवर विकणं म्हणजे बोट आत जाणारी ही गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी घरात जाऊ देणं. जुन्या गाड्यांचे हौशी बहुतेक तरुण असतात, बायकामुलांना घेऊन रविवारी फिरायला जातात. विकायचीच असेल तर खडूच्या खुणांसकट फोटो दाखवून, "सांगाड्याचं काम बाकी आहे" असं लिहून देऊन विका. किंमत कमी येईल. तुमच्या भावाला पैशांची निकड असेल आणि त्याचा हा विचार त्यातून आला असेल, तर ते त्याच्याशी वेगळं बोला. गाडी दोघांच्याही वडिलांची आहे.

ठेवायची ठरवली तर एक कागदोपत्री गोष्ट. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, पहिली फी वीस हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. आणि ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच काढता येते. तुम्हाला अधूनमधून गावात फिरवायची असेल तर घाई करू नका. पण दुरुस्तीचे टप्प्याटप्प्याचे फोटो जपा, कारण मूळ घडणीप्रमाणेच पत्रा घातला आहे हे उद्या दाखवता येईल.

मुलीच्या लग्नाबद्दल तुम्ही आशेने विचारलंय, म्हणून उत्तर लांबवत नाही. जानेवारीत या गाडीतून ती कार्यालयात जाऊ शकणार नाही. आत्ता तपासणी, मग काकांशी बोलणं, मग मिस्त्री शोधणं, मग दोन्ही सिल आणि तळ. हे काम जानेवारीपर्यंत चांगलं होणार नाही, आणि मुहूर्ताच्या घाईत केलेलं वेल्डिंग मला तिच्या पायाखाली नको आहे. ओळखीच्या गाडीवाल्याकडून ट्रेलरवर चढवून पद्मिनी कार्यालयाच्या दारात आणून उभी करता येईल. हार घाला, आजीला पुढच्या सीटवर बसवून फोटो काढा. लेकीला कारण खरं सांगा. आजोबांच्या गाडीवर तिचा एवढा जीव आहे, तर तिला ते कळेल.

नवा मिस्त्री ठरवताना एकूण आकडा आधी विचारू नका. पेट्या उघडल्याशिवाय खरा आकडा कोणालाच सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो तो पुट्टीच्या हिशेबाने सांगतो. पहिला टप्पा फक्त रंग-पुट्टी उतरवून पत्रा उघडा करण्याचा ठरवा आणि त्याचेच पैसे द्या. नंतर दोघांनी मिळून पाहून पुढचा अंदाज लिहून घ्या. दर टप्प्याला वेल्डच्या दोन्ही बाजूंचे, प्रायमर मारण्याआधीचे फोटो ही अट घाला. पत्र्याचं काम तुम्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रंगाच्या डब्याचे पैसे द्यायचे नाहीत. कामाला दिवाळीनंतर सुरुवात करा, म्हणजे पत्र्याचं काम मेपर्यंतच्या कोरड्या हवेत होईल. आणि शेवटचा हप्ता असा ठेवा की, गाडी घरी आणून मॅट न घालता अर्धा तास वरून पाइपने पाणी सोडायचं, आतला तळ हाताने चाचपायचा, तो कोरडा लागला की मगच पैसे हातात ठेवायचे.